हद्दीपलीकडचं टपाल : मेल सर्व्हर शिकणाऱ्यांसाठी थोडा इतिहास

(नारायणगड परिसरात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे. प्रश्नोत्तरांतला निवडक भाग शेवटी दिला आहे.)



आज आपण इतिहास बघणार आहोत, पण राजेरजवाड्यांचा नाही. संगणकावर मेल सर्व्हर बसवायला शिकणाऱ्या माणसाच्या कामी येईल असा इतिहास. समोर कॉम्प्युटर शिकणारी मुलंमुली आहेत, काही शिक्षक आहेत, सेवा केंद्र चालवणारे आहेत, आणि मागे गडावरची वारकरी मंडळीही येऊन बसली आहेत. सगळ्यांना कळेल असंच बोलू.

मुद्दा आधीच सांगून टाकतो. मेल सर्व्हर शिकायला बसलेला नवखा माणूस दोन-तीन दिवसांत वैतागतो. त्याच्या कानावर एकदम वीस शब्द पडतात. पोस्टफिक्स, डोव्हकॉट, एमएक्स, रिले, टीएलएस, एसपीएफ, डीकेआयएम. मग तो कुणीतरी लिहून ठेवलेल्या कमांड जशाच्या तशा टाकत जातो. शेवटी मेल काही जात नाही. आणि का जात नाही हे त्याला शोधता येत नाही, कारण कुठला भाग कशासाठी बसवला हेच त्याला ठाऊक नसतं.

माझं म्हणणं असं आहे की, हे सगळे भाग एका माणसाने एका दिवशी बसून केलेले नाहीत. प्रत्येक भागाला एक साल आहे. आणि त्या साली लोकांना आलेली एक अडचण आहे. अडचणी ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने शिकलं, तर प्रत्येक भाग आपणहून जागेवर बसतो. म्हणून इतिहास.

निजामाचं तिकीट आणि इंग्रजांचं तिकीट

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता हे सगळ्यांना माहीत आहे. पण हैदराबाद संस्थानाचं स्वतःचं टपाल खातं होतं, हे नव्या पिढीतल्या फार थोड्यांना माहीत असतं. १८६९ पासून संस्थानाची स्वतःची तिकिटं निघत होती. हे तिकीट चालायचं कुठे? तर संस्थानाच्या हद्दीत. बीडहून औरंगाबादला पत्र टाकायचं असेल तर निजामाचं तिकीट. पण शेजारच्या नगरला टाकायचं असेल तर? नगर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. तिथे निजामाचं तिकीट चालत नसे. त्यासाठी इंग्रज सरकारचं तिकीट लागायचं. अंतर बघायला गेलं तर नगर काही लांब नाही, पण मध्ये हद्द होती. ही व्यवस्था १९५० मध्ये संपली आणि सगळं टपाल भारतीय टपाल खात्यात आलं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की मेल सर्व्हरचं पहिलं आणि शेवटचं काम हेच आहे. माझ्या हद्दीतलं पत्र कोणतं? हद्दीबाहेरचं कोणतं? बाहेरचं असेल तर कोणाच्या हाती द्यायचं? आणि बाहेरचा माणूस माझ्याकडे पत्र घेऊन आला, तर ते घ्यायचं का? या चार प्रश्नांची उत्तरं फाइलमध्ये लिहून ठेवणं, यालाच सर्व्हर कॉन्फिगर करणं म्हणतात. बाकी सगळा तपशील.

आधी एका घरातलं टपाल

पहिलं साल १९६५. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एक मोठा संगणक होता आणि त्यावर अनेक जण आपापल्या वेळेला काम करत. टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस या दोघांनी त्यावर मेल नावाची कमांड लिहिली. एकाने दुसऱ्यासाठी निरोप ठेवायचा, दुसरा आला की त्याने वाचायचा. संगणक एकच. म्हणजे घरातल्या घरात चिठ्ठी ठेवल्यासारखं. हद्दच नाही, त्यामुळे कसली भानगड नाही.

शिकणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. एक जुना संगणक घ्या, त्यावर लिनक्स टाका, दोन वापरकर्ते तयार करा, आणि एकाकडून दुसऱ्याला मेल पाठवा. इंटरनेट नको, डोमेन नको, पैसे नकोत. एवढं जमलं की कळतं की मेल म्हणजे शेवटी डिस्कवरच्या एका फाइलमध्ये किंवा फोल्डरमध्ये पडलेला मजकूर आहे. पुष्कळांच्या मनातली अर्धी भीती इथेच जाते.

दुसरं साल १९७१. रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर निरोप पाठवला. दोन्ही यंत्रं एकाच खोलीत शेजारी शेजारी होती, पण निरोप गेला तो नेटवर्कवरून. आता नुसतं नाव पुरेना. कोण, हे जसं सांगायचं तसं कुठल्या यंत्रावर, हेही सांगायला लागलं. म्हणून त्यांनी नाव आणि यंत्र यांच्या मध्ये ॲटचं चिन्ह टाकलं. आज ईमेल पत्त्यात जे चिन्ह असतं ते तेव्हापासूनचं. ही पहिली हद्द म्हणा. चिन्हाच्या डावीकडे माणूस, उजवीकडे त्याचं गाव.

मुक्कामाची वाट

आता वारकरी मंडळींना लगेच पटेल असं सांगतो. नारायणगडाची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. ती एका दमात जात नाही, मुक्काम करत जाते. पुढची वाट मोकळी नसेल तर आहे त्या मुक्कामी थांबते. जुनं ईमेल अगदी असंच चालायचं.

बेल लॅबमध्ये मायकेल लेस्क यांनी यूयूसीपी नावाची पद्धत तयार केली होती. एक युनिक्स संगणक फोन लावून दुसऱ्याला जोडायचा, साठलेल्या फाइली द्यायचा-घ्यायचा आणि फोन ठेवून द्यायचा. दुसरा मग तिसऱ्याला लावायचा. पत्ता लिहिताना वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाचं नाव लिहावं लागे, मध्ये उद्गारचिन्हं घालून. म्हणजे पत्र पाठवणाऱ्यालाच सगळी वाट माहीत असायला हवी.

आणि हेच आपल्याकडे पहिल्यांदा आलं. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. पाच आयआयटी, बंगळूरची विज्ञान संस्था आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी या संस्था त्यात होत्या. एनसीएसटी आज सी-डॅकचा भाग आहे. तिचे त्या वेळचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमणी. १९८६–८७ च्या सुमारास जुहू आणि पवई, म्हणजे एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई, यांच्यात फोनच्या तारेवरून ईमेल सुरू झाला. अर्नेटवरची पहिली सेवा कुठली, तर यूयूसीपीवरचा ईमेल. म्हणजे देशातल्या या शैक्षणिक नेटवर्कचा पाळणा मुंबईत हलला, आणि त्यात पहिलं काय ठेवलं तर टपाल.

वेग काय होता? जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात कायमची भाड्याची लाइन बसली. ती सेकंदाला ९,६०० बिट नेणारी. हिशेब करा. आज मोबाइलवर काढलेला दोन एमबीचा फोटो त्या लाइनवरून पाठवायचा तर जवळजवळ अर्धा तास लागला असता. १९९२ मध्ये एनसीएसटीमधून अमेरिकेला ६४ किलोबिटची लाइन जोडली गेली, आणि देशभरातल्या या संस्थांचं टपाल तिथून बाहेर जाऊ लागलं.

शिकणाऱ्याने यातून काय घ्यायचं? रांग. मेल सर्व्हरमध्ये क्यू नावाची गोष्ट असते. पुढचा सर्व्हर मिळाला नाही तर पत्र फेकून दिलं जात नाही, रांगेत थांबतं. पोस्टफिक्स नेहमीच्या सेटिंगमध्ये पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो, आणि मग पाठवणाऱ्याला कळवतो की बाबा, जमलं नाही. मेल गेला नाही म्हणून सर्व्हर पुसून पुन्हा टाकणारे पुष्कळ असतात. आधी रांग बघावी. पत्र तिथे मुक्कामाला असतं.

दोन सर्व्हरचं संभाषण

१९८२ च्या ऑगस्टमध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपीचे नियम लिहिले. एका सर्व्हरने दुसऱ्याशी काय बोलायचं, कोणत्या क्रमाने बोलायचं, एवढंच त्यात आहे. पहिला म्हणतो, राम राम, मी अमुक गावचा. दुसरा म्हणतो, या. पहिला म्हणतो, पत्र अमक्याकडून आहे. दुसरा म्हणतो, बरं. पहिला म्हणतो, तमक्यासाठी आहे. इथे दुसरा विचार करतो, हा माणूस माझ्या हद्दीतला आहे का? असेल तर म्हणतो, बरं, मजकूर सांगा. पहिला मजकूर सांगतो आणि शेवटी एका ओळीत नुसता एक टिंब देतो, म्हणजे संपलं.

प्रत्येक उत्तराला तीन आकडी क्रमांक असतो. २ ने सुरू झाला तर मान्य. ४ ने सुरू झाला तर आत्ता जमत नाही, नंतर या. ५ ने सुरू झाला तर साफ नकार, पुन्हा येऊ नका. एवढे तीन आकडे ज्याला वाचता येतात त्याला मेल सर्व्हरचा लॉग वाचता येतो. आणि ज्याला लॉग वाचता येतो त्याला दुसऱ्याच्या दारात जाऊन विचारावं लागत नाही. मुलांना माझं सांगणं आहे, कमांड पाठ करण्याआधी हे संभाषण हाताने टाइप करून बघा. सर्व्हरच्या २५ क्रमांकाच्या पोर्टला जोडायचं आणि स्वतः पहिल्या सर्व्हरची भूमिका करायची. नाटकाची तालीम असते तशी.

यात आणखी एक बारीक गोष्ट कळते. पाकिटावरचा पत्ता वेगळा आणि आतल्या पत्रावरचं नाव वेगळं. पोस्टमन पाकीट बघतो, आत काय लिहिलंय ते बघत नाही. सर्व्हरचंही तसंच. म्हणून आत कुणीही कुणाचंही नाव लिहून पत्र पाठवू शकतो. हे लक्षात ठेवा, पुढे यातून मोठा घोटाळा होणार आहे.

मग १९८६ च्या जानेवारीत एमएक्सचा नियम आला. डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी वही, १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी आखली होती. एमएक्समुळे त्या वहीत एक वेगळा रकाना झाला. या डोमेनचं टपाल कोण घेतो? आता पाठवणाऱ्याला सगळी वाट माहीत असायची गरज राहिली नाही. वही उघडायची, एमएक्स बघायचा, थेट जायचं. उद्गारचिन्हांचे लांबलचक पत्ते हळूहळू गेले. आपल्या देशाचं डॉट इन हे नाव १९८९ मध्ये नोंदलं गेलं आणि २००५ च्या सुमारापर्यंत त्याची वही एनसीएसटीच सांभाळत होती.

गावापर्यंत कसं आलं

संस्थांच्या बाहेर काय चाललं होतं? १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. सुरुवात चार महानगरांतून झाली. विद्यार्थ्यांना मिळायचं ते नुसत्या अक्षरांचं खातं, चित्रं नाहीत. काळ्या पडद्यावर पाइन नावाच्या प्रोग्रॅममधून मेल वाचायचे. ज्या गावात केंद्र नाही तिथल्याने एसटीडी लावायचा. मोठ्यांना आठवत असेल, रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा आणि बूथवर रांगा लागायच्या. ज्या ऑफिसांत मेल सर्व्हर होता त्यांनाही दर आणि वेळ बघूनच लाइन लावावी लागे. दिवसभरची पत्रं साठवायची, एकदा फोन लावायचा, सगळी एकदम द्यायची, आलेली घ्यायची. पुन्हा तीच मुक्कामाची पद्धत.

हे शिकवलं कुणी? तर मासिकाबरोबर येणाऱ्या सीडींनी. १९९६ पासून पीसी क्वेस्ट या मासिकाने लिनक्सच्या सीडी वाटायला सुरुवात केली. त्या कामातलं एक मोठं नाव अतुल चिटणीस. जन्म बर्लिनचा, वाढले बेळगावात, इंजिनिअरिंगही बेळगावातच झालं, आणि पुढे बंगळूरला राहिले. इंटरनेट घरोघरी येण्याच्या आधीच ते तिथे सिक्स नावाचं बुलेटिन बोर्ड चालवत होते, म्हणजे मोडेमने फोन लावून निरोप ठेवायची जागा. २०१३ मध्ये ते गेले. ज्या काळात लिनक्स डाउनलोड करायचं म्हणजे आठवडा गेला असता, त्या काळात तालुक्याच्या गावातल्या मुलाला पुस्तकाच्या दुकानातून सीडी मिळत होती. एका टेलिफोन लाइनवर आणि एका इंटरनेट खात्यावर सगळ्या ऑफिसला वेगवेगळे मेलबॉक्स द्यायचे, हा त्या काळी छोट्या ऑफिसांच्या लिनक्स सर्व्हरचा एक आवडता उपयोग होता. पुण्यात आणि मुंबईत लिनक्स वापरणाऱ्यांचे गट जमत, तिथे अडलेलं सुटत असे.

सरकारी बाजूने एनआयसीने उपग्रहाच्या जाळ्यातून जिल्ह्यांची ठिकाणं जोडली. रेल्वेसाठी बीडने किती वाट बघितली ते तुम्ही जाणता. हे जाळं रूळ नसतानाही जिल्ह्यांच्या ठिकाणी पोचलं. आणि १९९८ मध्ये वारणानगरला सत्तर गावं संगणकाने जोडायचा प्रकल्प झाला. ऊस उत्पादकाला कारखान्याच्या ठिकाणी न जाता गावातच नोंदी बघता याव्यात हा त्यातला एक हेतू. ऊस म्हटलं की बीडचा विषय येतोच, पण तो शेवटी घेतो.

दार उघडं ठेवल्याचं फळ

आता त्या घोटाळ्याकडे वळू. १९८३ मध्ये बर्कलीच्या एरिक ऑलमन यांचा सेंडमेल युनिक्सबरोबर मिळू लागला. फार ताकदवान प्रोग्रॅम. तेव्हा जगात वेगवेगळी नेटवर्कं होती, पत्ते लिहायच्या तऱ्हा वेगळ्या, आणि सेंडमेल या सगळ्यांमध्ये दुभाष्याचं काम करायचा. हैदराबाद आणि मुंबई इलाखा, दोन्ही तिकिटं ओळखणारा पोस्टमास्तर म्हणा ना. पण त्यामुळे त्याची कॉन्फिगरेशन फाइल इतकी अवघड झाली की नवखा ती बघूनच गार व्हायचा. त्यावरच्या प्रसिद्ध पुस्तकाची दुसरी आवृत्ती हजारावर पानांची होती.

२ नोव्हेंबर १९८८ ला मॉरिस वर्म नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर सुटला आणि हजारो संगणक अडकले. आत शिरायच्या त्याच्या वाटांपैकी एक होती सेंडमेलमधली डीबगची सोय. तपासणीसाठी ठेवलेलं दार चालू यंत्रांवर उघडंच राहिलं होतं.

दुसरं दार रिलेचं. जुन्या काळी कुणीही यावं, कुणासाठीही पत्र द्यावं, सर्व्हर पुढे पोचवत असे. शेजारधर्म म्हणून. सगळे एकमेकांना ओळखत होते. पुढे जाहिरातवाले आले. त्यांनी दुसऱ्यांचे सर्व्हर धरून लाखोंनी जाहिराती पाठवायला सुरुवात केली. तिकीट लावायचं नाही, आणि पोस्टमन दुसऱ्याचा. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांनी अशा सर्व्हरांची काळी यादी सुरू केली आणि १९९८ मध्ये सेंडमेलने आपल्या नव्या आवृत्तीत हे दार मुळातच बंद करून द्यायला सुरुवात केली.

त्याच १९९८ च्या डिसेंबरमध्ये विट्झे व्हेनेमा यांचा पोस्टफिक्स आला. त्याआधी कॅम्ब्रिजचे फिलिप हेझल यांचा एक्झिम आणि डॅनियल बर्नस्टीन यांचा क्यूमेल आला होता. पोस्टफिक्समध्ये एक मोठा प्रोग्रॅम न ठेवता छोटे छोटे कामगार ठेवले. एक दारावरचा, एक रांग सांभाळणारा, एक घरात पोचवणारा. एकाला फसवलं तरी सगळं घर हाती लागत नाही. आणि फाइल साधी, डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे किंमत. नवख्याने त्यातल्या दोन ओळी आधी समजून घ्याव्यात. मायडेस्टिनेशन, म्हणजे माझ्या हद्दीतली गावं कोणती. आणि मायनेटवर्क्स, म्हणजे कोणत्या यंत्रांना मी घरचं मानतो आणि त्यांचं पत्र बाहेर पोचवतो. दुसऱ्या ओळीत सगळं जग लिहिलं की सर्व्हर काळ्या यादीत गेलाच समजा. बाहेर फिरणाऱ्या घरच्या माणसाने काय करायचं? त्याच्यासाठी ५८७ क्रमांकाचं वेगळं दार आणि पासवर्ड. तेही १९९८–९९ मधलंच. आणि पेटीतलं पत्र मोबाइलवर वाचायला आयमॅप, त्यासाठी फिनलंडच्या टिमो सिराइनेन यांचा डोव्हकॉट, साल २००२.

राहिला पाकीट आणि पत्र यांचा घोटाळा. कुणीही बँकेचं नाव लिहून पत्र पाठवायला लागला. त्यावर तीन उपाय आले. एसपीएफ, २००६ चा नियम, डीएनएसच्या वहीत लिहून ठेवायचं की माझ्या गावचं टपाल फक्त या यंत्रांवरून निघतं. डीकेआयएम, २००७ चा, प्रत्येक पत्रावर मोहोर. मजकूर बदलला की मोहोर जुळत नाही. आणि डीमार्क, २०१५ चा, आतल्या पत्रावर लिहिलेलं गाव या दोन्हींपैकी एकाशी तरी जुळतं का ते बघायचं, आणि नाहीच जुळलं तर समोरच्याने काय करावं हे सांगून ठेवायचं. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहू यांनी दिवसाला हजारोंनी मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले.

बघा, सुरुवातीला सांगितलेले जवळजवळ सगळे शब्द आले. एकही पाठ करावा लागला नाही.

कोणाच्या हातात

आता हे सगळं नारायणगडाजवळ बसून का बोलायचं? मोठ्या कंपन्या फुकट मेल देतात, मग आपल्या पोरांनी सर्व्हर का शिकायचा?

आपल्या जिल्ह्यातून दरवर्षी लाखो माणसं ऊसतोडीला जातात. सहा महिने इथे, सहा महिने कारखान्यावर. घरी आलेलं पत्र घ्यायला माणूस नसतो. अशा कुटुंबातल्या मुलीला प्रवेशपत्र, शिष्यवृत्तीचा निरोप, भरतीची तारीख, हे सगळं आज ईमेलवर येतं. फिरत्या माणसाला न फिरणारा पत्ता, ही केवढी मोठी गोष्ट आहे. पण तो पत्ता असतो कोणाच्या हातात? पुष्कळदा फॉर्म भरणाऱ्याने घाईत एक ईमेल काढून दिलेला असतो. पासवर्ड त्यालाच माहीत, किंवा त्यालाही नाही. कधी तर पन्नास जणांच्या फॉर्मवर एकच ईमेल. मग निरोप येतो, पेटीत पडून राहतो, आणि तारीख निघून जाते. यात कुणी लबाड नसतो. टपाल कसं चालतं हे माहीत असलेला माणूस जवळपास नसतो, एवढंच.

म्हणून गावोगाव एक-दोन तरी असे हवेत, ज्यांना हे आतून कळतं. सर्व्हर शिकलेला मुलगा पासवर्ड परत कसा मिळवायचा हे सांगू शकतो, बनावट मेल ओळखू शकतो, शाळेचा किंवा पतसंस्थेचा मेल कुठे अडला ते लॉग वाचून सांगू शकतो. प्रत्येकाने सर्व्हर चालवलाच पाहिजे असं नाही. विहीर खणायला सगळेच जात नाहीत, पण गावात पाणाड्या असावा लागतो.

प्रश्नोत्तरांतून

*घरच्या इंटरनेटवर सर्व्हर ठेवता येईल का?*

शिकायला ठेवा, जगाशी टपाल करायला नको. घरच्या जोडणीला सहसा कायमचा पत्ता नसतो, आणि २५ क्रमांकाचं पोर्ट पुष्कळ कंपन्या बंद ठेवतात. शिवाय तुमच्या आयपी पत्त्यावरून उलट तुमचं नाव सापडलं पाहिजे, आणि ती नोंद ज्याचा आयपी पत्ता आहे तोच करू शकतो. म्हणून आधी घरातल्या घरात दोन यंत्रं जोडा. त्यांना डॉट टेस्टने संपणारी नावं द्या. ती नावं १९९९ पासून सरावासाठीच राखून ठेवली आहेत, त्यामुळे कुणाच्या खऱ्या डोमेनला धक्का लागत नाही. सगळं जमलं की मग भाड्याचा सर्व्हर घ्या.

*आमच्या संस्थेने स्वतःचा सर्व्हर ठेवावा का?*

रोज लॉग बघणारा माणूस असेल तर ठेवावा, नसेल तर ठेवू नये. पण डोमेन मात्र स्वतःच्या नावावर घ्या, आणि त्याची किल्ली संस्थेकडे ठेवा, एका कर्मचाऱ्याकडे नको. एमएक्स आज एका कंपनीकडे, उद्या दुसरीकडे नेता येतो. पत्ता तोच राहतो. गाव आपलं असलं की पोस्टमन बदलता येतो.

*पत्ता मराठीत असू शकतो का?*

असू शकतो. जुना एसएमटीपी फक्त रोमन अक्षरं जाणायचा. १९९२ च्या माइममुळे मजकुरात देवनागरी जायची सोय झाली, पण पत्ता रोमनच राहिला. २०१२ मध्ये पत्त्यासाठी नियम आले, २०१४ मध्ये डॉट भारत हे देवनागरी डोमेन सुरू झालं, त्यात मराठीही आहे, आणि २०१५ च्या पोस्टफिक्समध्ये ही सोय आली. अडचण समोरच्याची आहे. त्याच्या सर्व्हरला किंवा त्याच्या फॉर्मला देवनागरी पत्ता समजला नाही तर पत्र परत येतं. निजामाचं तिकीट नगरला चालेना, तसंच. पण ती हद्दही पुसली गेली, हे विसरू नका. मुलांनो, आपल्या सरावाच्या दोन यंत्रांवर एक मेलबॉक्स देवनागरी नावाने काढून बघा. काय अडतं ते लॉगमध्ये दिसेल, आणि ते सोडवणारे तुमच्यातलेच कुणीतरी असाल.

थांबतो.